खाडीची तिथी आणि यवनांचा वार

कल्याण तालुक्यातील टिटवाळ्याच्या महागणपतीला अंगारकीच्या दिवशी जी गर्दी लोटते, ती ठाणे जिल्ह्यातील बहुतेकांनी पाहिलेली असते. पहाटेच्या लोकलने येणारे, आदल्या रात्रीपासून रांगेत उभे राहणारे, चंद्रोदयानंतरच अन्नाला स्पर्श करणारे असे सर्व वयांचे भाविक तेथे असतात. वर्षात बारा-तेरा संकष्ट्या येतात. त्यांपैकी सरासरीने सातातील एक मंगळवारी येते, म्हणजे वर्षाकाठी एखाद-दुसरी अंगारकी. तिचे अप्रूप या दुर्मीळपणात आहे. परंतु ही दुर्मीळता निर्माण कशी होते, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. चतुर्थी आणि मंगळवार यांचा योग म्हणजे अंगारकी. या दोहोंपैकी चतुर्थी आकाशात दिसते, मंगळवार आकाशात कोठेही दिसत नाही. पहिली चंद्राने ठरवलेली आहे, दुसरा माणसाने. भारतीय ज्योतिषाचा इतिहास समजून घ्यायचा तर या दोन धाग्यांची वीण उसवून पाहावी लागते. ठाणे-कल्याणचा हा चिंचोळा प्रदेश त्यासाठी अनेक कारणांनी सोयीचा आहे.

आरंभ तिथीपासून करू. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते, ही पाठ्यपुस्तकी व्याख्या झाली. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातील किंवा कल्याणच्या बंदरावरील माणसाला तिची गरज नव्हती; त्याची तिथी पाण्यात होती. कोकणपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब असा, की तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. मुंबई बंदराजवळ हा आडाखा स्थूलमानाने जुळतो. खाडीत आत जावे तसा थोडा उशीर होतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हेही त्याच हिशेबात बसते. येथे तिथी ही श्रद्धेची बाब राहत नाही. ती चुकली तर होडी चिखलात रुतते. कल्याणजवळच्या मलंगगडाची मोठी यात्राही माघी पौर्णिमेलाच भरते. डोंगर चढून जाणाऱ्या यात्रेकरूंच्या माथ्यावर त्या रात्री पूर्ण चंद्र असतो, ही सोय विजेच्या दिव्यांपूर्वीच्या काळात लहान नव्हती.

आपल्याकडील ज्योतिषाचा सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ म्हणजे लगधाचे वेदांगज्योतिष. तो याच जातीचा आहे; फक्त त्याची होडी यज्ञाची आहे. कोणते कर्म कोणत्या दिवशी करावयाचे हे ठरवण्यासाठी काळ मोजणे, एवढाच त्याचा उद्देश, आणि म्हणूनच तो ज्योतिषाला कालविधानाचे शास्त्र म्हणतो. त्यात पाच वर्षांचे एक युग आहे. त्या युगाचे १८३० दिवस, ६२ चांद्रमास, चंद्राच्या ६७ नक्षत्रप्रदक्षिणा आणि दोन अधिकमास होतात. सर्वांत मोठा दिवस अठरा मुहूर्तांचा, सर्वांत लहान बारा मुहूर्तांचा; आणि हे मोजण्यासाठी पाण्याचे घटिकायंत्र. आजच्या मानाने ही गणना ढोबळ आहे. पाच सौर वर्षांचे दिवस १८२६च्या थोडे पुढे भरतात, म्हणजे दर युगात जवळजवळ चार दिवसांचा फरक साचतो. पण प्रयत्न कशाचा आहे ते पाहावे. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, ऋतूंचे वर्ष ३६५ दिवसांचे. या अकरा दिवसांच्या फटीवर अधिकमासाचा सांधा बसवून चंद्र आणि ऋतू यांना एका दावणीला बांधण्याची ही खटपट आहे. जन्मकुंडली, बारा राशी, सात वार यांपैकी काहीही या ग्रंथाच्या गाभ्यात नाही.

याचा अर्थ, त्या काळी लोक आकाशात भविष्य शोधत नव्हते, असा मात्र नव्हे. शुभ-अशुभ नक्षत्रांचा विचार ब्राह्मणग्रंथांत आहे. भविष्यकथनावर पोट भरण्याला बौद्ध सूत्रांनी हीन विद्यांत टाकले आहे, आणि नक्षत्रांना फार विचारत बसणाऱ्यापासून अर्थ दूर पळतो असे कौटिल्याने बजावले आहे. ज्या गोष्टीची मनाई करावी लागते ती समाजात भरपूर असते, हे इतिहासाच्या अभ्यासकाला सांगायला नको. तथापि हा विचार मुहूर्ताचा आणि शकुनाचा होता. माणूस जन्मला त्या क्षणी पूर्व क्षितिजावर कोणती रास उगवत होती, यावरून त्याचे सारे आयुष्य वाचण्याची कल्पना निराळी आहे, आणि तिचा जन्म निराळ्या भूमीत झालेला आहे.

ती भूमी म्हणजे बाबिलोन. तेथील पुरोहित शतकानुशतके ग्रहणे आणि ग्रहांच्या गती मातीच्या विटांवर नोंदवीत होते. प्रयोजन होते राजाचे आणि राज्याचे शुभाशुभ. इसवीसनपूर्व पाचव्या शतकात त्यांनी सूर्यमार्गाचे बारा समान भाग पाडले. व्यक्तीच्या जन्मवेळेची ग्रहस्थिती नोंदवणारी आजवर सापडलेली सर्वांत जुनी विटही त्याच शतकातील, इसवीसनपूर्व ४१०ची आहे. या नोंदी शकुनासाठी ठेवल्या गेल्या म्हणून निरुपयोगी ठरत नाहीत. इसवीसनपूर्व ७२१पासूनच्या बाबिलोनी ग्रहणनोंदी पुढे टॉलेमीने आपल्या गणितासाठी वापरल्या. फलज्योतिषाचे ऋण खगोलगणितावर आहे, ते असे. बाबिलोनी सामग्रीला ग्रीकांनी भूमितीची जोड दिली, आणि ईजिप्तमधील ग्रीक विद्वानांच्या हाती कुंडलीचे शास्त्र तयार झाले.

तेथून ते भारतात आले ते पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाराच्या काळात. हा व्यापारही एका निसर्गचक्रावर उभा होता: नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर यायचे, ईशान्य वाऱ्यांवर परतायचे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविकाच्या मार्गदर्शिकेत कल्याणचे नाव ‘कल्लिएना’ असे येते. तेथे पूर्वी रीतसर बाजारपेठ होती. पुढे राजकीय अडथळे आले आणि तेथे शिरणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो सांगतो. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणचे दाते आहेत, कार्ल्याच्या लेण्यात यवन दाते आहेत. कुंडली कल्याणच्या धक्क्यावर उतरली, असे विधान करण्याला काही आधार नाही. पण ज्या वर्दळीतून ती आली त्या वर्दळीचे कल्याण हे एक ठाणे होते, इतके निश्चित म्हणता येते.

या आगमनाचा साक्षीदार म्हणजे स्फुजिध्वजाचे ‘यवनजातक’. डेव्हिड पिंग्री यांनी १९७८ साली त्याची संपादित आवृत्ती काढली आणि ग्रंथाचा काळ तिसऱ्या शतकात ठरवला. २०१३ साली बिल मॅक यांनी नव्या हस्तलिखिताच्या आधारे त्या कालनिर्णयावर आक्षेप घेतला. सालाचा वाद चालू राहील, पण शब्द बोलतात. होरा, केंद्र, द्रेष्काण, जामित्र, लिप्ता हे संस्कृत ज्योतिषातील नित्याचे शब्द ग्रीक आहेत. सहाव्या शतकातील वराहमिहिर ‘होरा’ शब्दाची उपपत्ती देताना ‘अहोरात्र’ या शब्दाचे पहिले आणि शेवटचे अक्षर गळाले असे एक मत नोंदवतो. परका शब्द एकदा घरचा झाला की त्याला कुळही घरचेच शोधले जाते, याचा हा सुंदर नमुना.

वार याच शास्त्राबरोबर आले. ग्रहांना मंदगतीपासून शीघ्रगतीपर्यंत लावले की शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र असा क्रम होतो. दिवसाच्या चोवीस होरा या क्रमाने एकेका ग्रहाला वाटून द्याव्यात आणि पहिल्या होरेच्या स्वामीचे नाव दिवसाला द्यावे. शनीपासून मोजले तर पंचविसावी होरा, म्हणजे दुसऱ्या दिवसाची पहिली, रवीच्या वाट्याला येते. त्याच्या पुढच्या दिवसाची चंद्राच्या. शनिवार, रविवार, सोमवार ही साखळी अशी तयार होते. हिच्यात निसर्गाचे काही नाही; गणिताचा एक डौलदार खेळ आहे. भारतात वाराचा सर्वांत जुना नि:संशय कोरीव उल्लेख एरण येथील बुधगुप्ताच्या शिलालेखात सापडतो. गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. म्हणजे इसवी सन ४८४. टिटवाळ्याच्या अंगारकीतील ‘अंगारक’ या दीर्घ प्रवासाने आपल्या चतुर्थीपर्यंत पोहोचला आहे.

एरणच्या त्या लेखाचा आणि ठाण्याचा एक धागा जुळतो. गुप्त संवताचा आरंभ नेमका केव्हा, या वादाचा निकाल लावताना जे. एफ. फ्लीट यांना तिथी आणि वार पडताळून देणारा माणूस हवा होता. तो त्यांना मिळाला शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या रूपाने. मुरूड येथे १८५३ साली जन्मलेल्या या गृहस्थांजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुणे अशा ठिकाणी त्यांनी शिक्षकाची नोकरी केली आणि उरल्या वेळात आकाशाचे गणित केले. दीक्षितांचे गणित फ्लीट यांच्या १८८८च्या ग्रंथात समाविष्ट आहे. ती तिथी खरोखरच गुरुवारी पडते, हे सिद्ध झाल्याने संवताचा आरंभ पक्का झाला. येथे एक गमतीची गोष्ट ध्यानात यावी. तिथी दर महिन्याला परत येते, म्हणून एकट्या तिथीवरून साल पडताळता येत नाही. जुळणी होते ती वारामुळे. ज्याला निसर्गात आधार नाही असा हा फलज्योतिषाचा वार इतिहासकाराच्या हाती मात्र सर्वांत विश्वासू पुरावा ठरला.

दीक्षितांची मुख्य कृती, ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’, १८८८ साली लिहून झाली आणि १८९६ साली छापली गेली. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असे म्हटले आहे. त्यावरून कृत्तिका ठीक पूर्वेस उगवत होत्या तो काळ गणिताने काढण्याचे त्यांचे विवेचन प्रसिद्ध आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे ती एक फसलेली चळवळ. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित या तिघांनी शके १८०६, म्हणजे १८८४पासून, सायन पंचांग काढले. यांतील मोडकांनी वेदांगज्योतिषाचे मराठी भाषांतरही केले होते, ही गोष्ट योगायोगाची नव्हे.

सायन-निरयन वाद थोडक्यात असा. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय मंद डुलतो, त्यामुळे संपातबिंदू ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. ऋतू संपाताशी बांधलेले आहेत, नक्षत्रे ताऱ्यांशी. पंचांगाने कोणाशी इमान राखावयाचे? ताऱ्यांशी राखले तर ते निरयन, ऋतूंशी राखले तर सायन. निरयन पंचांगात मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला येते. प्रत्यक्ष उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू झालेले असते. दीड हजार वर्षांपूर्वी या दोन गोष्टी एका दिवशी घडत. आपला मृगही असाच सरकला आहे. सूर्य आज ७-८ जूनच्या सुमारास मृग नक्षत्रात जातो आणि कोकणातील पावसाशी त्याची छान गाठ पडते. वराहमिहिराच्या काळी हाच प्रवेश मेच्या मध्यावर होत असे. आणखी दीड हजार वर्षांनी मृगाचा पाऊस म्हणावा तर तो जूनच्या अखेरीस पाहावा लागेल. पेरणीचे वेळापत्रक म्हणून नक्षत्रांचा उपयोग आहे खरा, पण तो कायमचा नाही.

लेले-मोडक-दीक्षित यांचे म्हणणे असे, की आपले धर्मग्रंथच महिने ऋतूंशी बांधतात. तैत्तिरीय संहितेत मधु आणि माधव हे वसंताचे महिने आहेत. वसंतात व्हावयाचे कर्म ग्रीष्मात सरकू देणे हा धर्माचाही भंग आहे. आणि वराहमिहिराने स्वतःच नोंदवून ठेवले आहे की जुन्या ग्रंथांतील अयनस्थाने आणि त्याच्या काळची अयनस्थाने निराळी आहेत. कोणती खरी, हे प्रत्यक्ष पाहून ठरवावे. म्हणजे सुधारकांची भूमिका परंपरेच्या बाहेरची नव्हती. ज्योतिष हे कालविधानाचे शास्त्र आहे, या सर्वांत जुन्या व्याख्येकडे ते परत जात होते.

त्यांच्यापूर्वी केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५पासून आधुनिक वेधांवर आधारलेले, पुढे पटवर्धनी या नावाने ओळखले गेलेले पंचांग सुरू केले होते. पण ते निरयनच होते. पुढे मुंबई (१९०४), पुणे (१९१७) आणि सांगली (१९२०) येथे ज्योतिषपरिषदा भरल्या. तेथे लोकमान्य टिळकांसारख्यांच्या पुढाकाराने गणिताची शुद्धी बरीच मान्य झाली. कौल मात्र निरयनाच्या बाजूने राहिला. दीक्षित १८९८ सालीच, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी निवर्तले होते.

सायनवाद्यांचा पराभव का झाला? एक आक्षेप तात्त्विक आणि सबळ होता: सायन मानले तर अश्विनी नावाच्या विभागात अश्विनीचे तारे राहणार नाहीत, नाव एकीकडे आणि तारा दुसरीकडे होईल. पण माझ्या मते खरी अडचण घराघरांत होती. त्या वेळी दोन पद्धतींतील अंतर, चित्रापक्ष धरला तर, सुमारे २२ अंश होते. रास ३० अंशांची असते. तेव्हा सायन स्वीकारताच जवळजवळ तीनचतुर्थांश लोकांची जन्मरास बदलली असती, आणि नक्षत्र १३ अंश २० कलांचे असल्यामुळे जन्मनक्षत्र तर प्रत्येकाचेच बदलले असते. नावाचे अक्षर, पत्रिकेचे गुणमेलन, साडेसाती हे सारे पुन्हा मांडावे लागले असते. ज्या शास्त्राचे काम ऋतू सांभाळण्याचे, त्याच्यावर जातकाचा एवढा संसार उभा राहिला होता की पाया दुरुस्त करणे अशक्य झाले. फलज्योतिष खरे की खोटे, हा प्रश्न आपल्याकडे वारंवार आणि हिरिरीने चर्चिला जातो. त्याने कालगणनेचे काय केले, हा प्रश्न मात्र क्वचितच. इतिहासाच्या दृष्टीने हा दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे.

हे सारे घडत होते त्याच काळात ठाणे-कल्याणच्या लोकांचा दिवसही बदलत होता. दीक्षितांच्या जन्मवर्षीच, १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी, बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली आगगाडी निघाली; पुढल्या वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. त्यापूर्वी घटका ही घंगाळात सोडलेले छिद्राचे भांडे बुडण्याइतकी, म्हणजे २४ मिनिटांची होती. ‘घटका भरली’ हा आपला वाक्प्रचार त्या भांड्याचा. आगगाडीला मिनिट लागले. रेल्वेने पुढे मद्रासची वेळ धरली, जी मुंबईच्या वेळेपेक्षा अर्धा तास पुढे होती. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटे पुढे असल्याने मुंबईच्या नगरपालिकेने आपली जुनी वेळ १९५५पर्यंत सोडली नाही. वेळ ही आकाशात वाचायची वस्तू आहे की आपसांत ठरवायची, हा पंचांगाच्या वादातील प्रश्न येथे घड्याळावर लढला गेला.

कुंडली मांडणाऱ्याला हा गुंता आजही सुटलेला नाही. लग्न, म्हणजे पूर्व क्षितिजावर उगवणारी रास, साधारण दोन तासांत बदलते. एका अंशाला चारच मिनिटे पुरतात. त्यामुळे डोंबिवलीत जन्मलेल्या मुलाची पत्रिका करताना प्रमाणवेळेतून सुमारे ३८ मिनिटे वजा करून स्थानिक वेळ काढावी लागते. आज हे संगणक गुपचूप करतो. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात घड्याळे एक तास पुढे होती, तेव्हा त्या काळी जन्मलेल्यांसाठी आणखी एक तास वजा. स्टेशनवरच्या घड्याळाने नोंदलेला जन्म आकाशाच्या घड्याळात परत नेल्याशिवाय फलज्योतिषाचेही पाऊल पुढे पडत नाही. मराठीने तर या शब्दाला आणखी दूर नेले. उगवत्या राशीचे नाव असलेले ‘लग्न’ आपल्याकडे विवाहाचेच नाव होऊन बसले.

सायनवाद्यांचे तत्त्व एकदा जिंकले, तेही कोणाच्या फारसे लक्षात न येता. भारत सरकारने १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली, पुण्याचे ज. स. करंदीकर आणि नागपूरचे केशव लक्ष्मण दप्तरी हे मराठी अभ्यासक तिचे सदस्य होते. समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ रोजी १ चैत्र १८७९ धरून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे वर्ष वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते, म्हणजे ती सायन आहे. सणवारांच्या गणितात मात्र समितीने तडजोड केली. परिणामी ऋतूंशी प्रामाणिक असलेली दिनदर्शिका राजपत्राच्या माथ्यावर आणि आकाशवाणीच्या निवेदनात राहिली. आपल्या गुढ्या, संक्रांती आणि डोंबिवलीच्या नववर्ष स्वागतयात्रा जुन्या निरयन चैत्रावर चालत राहिल्या.

त्या तशा चालू नयेत, असे सुचवण्याचा हेतू नाही. रूढीलाही तिचा काळ असतो आणि एका समाजाने एका दिवशी सण करणे हे तिचे स्वतंत्र मूल्य आहे. पण पंचांग हातात घेताना त्यातील कोणते अंग मोजलेले आहे आणि कोणते मानलेले, एवढे ओळखता आले तरी पुष्कळ. ठाण्यातीलच दा. कृ. सोमण यांच्यासारखे पंचांगकर्ते खगोलशास्त्राच्या अंगाने दीर्घकाळ हेच समजावत आले आहेत. त्यासाठी दुर्बिणीचीही गरज नाही. डिसेंबरभर रोज सकाळी एकाच गच्चीवरून पूर्वेच्या डोंगररांगेवर सूर्य कोठे उगवतो याची खूण करत जावे. रोज दक्षिणेकडे सरकणारी ती खूण २१-२२ तारखेच्या सुमारास थबकते आणि मग उत्तरेकडे वळू लागते. तिळगुळाला त्या दिवशी आणखी चोवीस दिवस अवकाश असतो.